मुंबईच्या लोकलमध्ये नव्याने प्रवास करणाऱ्यांसाठी: गर्दीतले शिष्टाचार, पायरी पायरीने

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी लातूर, जळगाव, चंद्रपूर, सावंतवाडी अशा ठिकाणांहून मुंबईत आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात लोकलचे मार्ग समजावून सांगणारे पुष्कळ जण भेटतात. धिमी गाडी कोणती आणि जलद कोणती, दादरला कुठे बदलायचे, पास कुठे काढायचा, हे सारे कोणीही सांगते. डब्यात शिरल्यावर वागायचे कसे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते, कारण रोज प्रवास करणाऱ्यांच्या ते इतके अंगवळणी पडलेले असते की त्यात सांगण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटतच नाही. हा लेख त्या न सांगितल्या जाणाऱ्या भागाबद्दल आहे.

त्या वेळच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. पुढच्या शंभर वर्षांत फेऱ्या वाढल्या, गाड्या ९ डब्यांवरून १२ आणि १५ डब्यांच्या झाल्या, आणि आज उपनगरी रेल्वेने रोज ७० लाखांच्या आसपास प्रवासी ये-जा करतात. इतक्या लोकांना खांद्याला खांदा लावून नेणारी व्यवस्था केवळ वेळापत्रकाच्या बळावर चालणे शक्य नाही. ती प्रवाशांनी आपापसात पाळलेल्या, कुठेही लिहून न ठेवलेल्या रिवाजांवर चालते, आणि माझ्या मते त्या सगळ्या रिवाजांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: हलण्यापूर्वी सांगणे. मोकळ्या जागेत आपण वळलो, वाकलो, पुढे सरकलो तरी कोणाला काही फरक पडत नाही. भरलेल्या डब्यात मात्र आपली प्रत्येक हालचाल कोणाच्या तरी अंगावर जाते. आधी दोन शब्द गेले तर समोरच्याला पाय मागे घ्यायला, तोल सावरायला क्षणभर मिळतो. शब्द गेले नाहीत तर तीच हालचाल धक्का ठरते आणि धक्क्यातून भांडण उभे राहते.

नवख्या माणसाने आणखी एक गोष्ट मनाशी धरावी. ‘चला, आत चला’, ‘सरकून घ्या’, ‘दारातून बाजूला व्हा’ असे कोणी चढ्या आवाजात म्हणाले तर त्यात अपमान शोधू नये. गाडीच्या आवाजात हळू बोललेले ऐकू जात नाही आणि लांबलचक विनंतीला वेळ नसतो. अशा वेळी राग न मानता दोन बोटे का होईना सरकणे, हेच सौजन्याचे उत्तर समजले जाते.

पहिली पायरी: घरातून निघताना

पाठीवरची बॅग डब्यात शिरण्यापूर्वी पोटावर घ्यावी. ही सूचना चोरीच्या भीतीने दिली जाते, पण तिचे खरे कारण वेगळे आहे. पाठीवरची बॅग आपल्याला दिसत नाही. आपण वळलो की ती बसलेल्या माणसाच्या तोंडाला किंवा लहान मुलाच्या डोक्याला लागते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पावसाळ्यात ओली छत्री ठेवण्यासाठी एक प्लास्टिकची पिशवी बरोबर असावी, म्हणजे शेजाऱ्याचे कपडे भिजत नाहीत. इअरफोन विसरू नयेत. पैशाचे पाकीट आणि मोबाइल बॅगेच्या वरच्या कप्प्यात न ठेवता स्वतःजवळ ठेवावे, कारण पुढे ही बॅग अनेक अनोळखी हातांतून जाणार आहे.

दुसरी पायरी: तिकीट खिडकी

द्वितीय वर्गाचे सर्वांत कमी भाडे ५ रुपये आहे. त्यासाठी ५०० रुपयांची नोट पुढे करणे म्हणजे मागच्या संपूर्ण रांगेचा वेळ घेणे होय. सुटे पैसे हातात तयार ठेवावेत, कुठे जायचे आणि परतीचे तिकीट हवे की नको हे ठरवून ‘एक ठाणे, रिटर्न’ इतकेच म्हणावे, आणि उरलेले पैसे मोजायचे असतील तर खिडकीपासून एक पाऊल बाजूला होऊन मोजावेत. महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा पास काढण्यासाठी सकाळच्या ऐन गर्दीत रांगेत उभे राहू नये. दुपारी तेच काम आपल्यालाही सोपे जाते आणि खिडकीमागच्या माणसालाही.

तिसरी पायरी: पूल आणि फलाट

जिन्याच्या तोंडाशी थांबून मोबाइल किंवा इंडिकेटर पाहू नये. पाहायचेच असेल तर भिंतीकडे सरकावे. ही साधी बाब वाटते, पण २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या पादचारी पुलावर नेमके हेच घडले होते. पावसामुळे लोक जिन्यावर आडोशाला थांबले, गाड्यांमधून उतरलेले लोक मागून येत राहिले, आणि त्या चेंगराचेंगरीत २० हून अधिक माणसे गेली. त्यातल्या कोणा एका माणसाला दोष देता येणार नाही, आणि अरुंद पुलाची जबाबदारी तिथे थांबलेल्या प्रवाशांची नव्हती. तरीही वाहत्या गर्दीत थांबणे म्हणजे काय, हे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने त्या दिवसावरून समजून घ्यावे. पाऊस पडत असला तरी जिन्यावर थांबू नये. भिजावे, पण जिना मोकळा करावा.

फलाटावर डोक्यावर ओझे घेतलेला हमाल किंवा डब्यांनी भरलेली लांब पाटी घेऊन येणारा डबेवाला दिसला, तर त्याने ‘बाजू, बाजू’ म्हणण्याची वाट न पाहता रस्ता द्यावा. त्याला मान वळवता येत नाही आणि मध्येच थांबताही येत नाही, म्हणून तिथे बाजूला होणे हे आपलेच काम असते. त्याचा डबाही वेगळा असतो. गर्दी कमी दिसते म्हणून मालडब्यात शिरणे नियमाबाहेरचे आहे.

कोणाला काही विचारायचे असेल तर गाडी येण्यापूर्वी, शांत उभ्या असलेल्या माणसाला विचारावे. जिन्यावरून धावत येणाऱ्याला अडवून ‘ही गाडी कुठली?’ असे विचारले तर तो उत्तर न देता निघून जाईल, आणि त्यात त्याचा उद्धटपणा नसेल. प्रश्न नेमका असावा. ‘ही गाडी कांजूरमार्गला थांबते का?’ याला हो किंवा नाही एवढे उत्तर पुरते. दादरला विचारताना पश्चिम की मध्य हे सांगण्याची गरज आता कमी झाली आहे, कारण डिसेंबर २०२३ पासून तिथल्या फलाटांना सलग क्रमांक आहेत: १ ते ७ पश्चिम रेल्वेचे आणि ८ ते १४ मध्य रेल्वेचे.

संबोधनाविषयी नवख्यांची फार ओढाताण होते. वयाने बरेच मोठे दिसणाऱ्या पुरुषाला ‘काका’ आणि बरोबरीच्या पुरुषाला ‘दादा’ किंवा ‘भाऊ’ चालते. स्त्रीला ‘ताई’ किंवा ‘मॅडम’ म्हणावे. ‘मावशी’ किंवा ‘आंटी’ म्हणण्यापूर्वी विचार करावा, कारण चाळिशीतल्या बाईला अनोळखी तरुणाने मावशी केलेले सहसा आवडत नाही. मुलगा अगदी शाळकरी असल्याशिवाय अनोळखी माणसाला ‘तू’ म्हणू नये, मग तो फेरीवाला असो, बूटपॉलिशवाला असो की फलाट झाडणारा कामगार. समोरच्याला मराठी येत नसेल तर हिंदीत विचारावे.

चौथी पायरी: चढणे

मधल्या स्थानकांवर गाडी साधारण २० ते ३० सेकंद थांबते. तेवढ्या वेळात उतरणारे आधी आणि चढणारे नंतर, हा क्रम पाळला गेला तरच दोघांचे काम होते. दाराच्या समोर उभे न राहता दोन्ही कडांना उभे राहावे, मधली जागा उतरणाऱ्यांसाठी सोडावी, आणि शेवटचा माणूस उतरत असताना कडेने आत जावे. चर्चगेट, विरार, कल्याण अशा गाडी सुटण्याच्या ठिकाणी खिडकीची जागा मिळवण्यासाठी गाडी थांबण्यापूर्वीच उड्या घेणारे लोक दिसतील. त्यांचे अनुकरण करू नये. त्यांचे पाहून उडी घेणारा नवखा माणूस स्वतः तर पडतोच, शिवाय मागून येणाऱ्यालाही पाडतो.

कोणती गाडी निवडायची, हाही शिष्टाचाराचाच भाग आहे. संध्याकाळी चर्चगेटहून सुटणाऱ्या विरार जलद गाडीत बोरिवलीला उतरणारा प्रवासी चढला की वाद होतो, हे पश्चिम रेल्वेवर सर्वांना ठाऊक आहे. विरारच्या लोकांचे म्हणणे असे की, बोरिवलीला जाणाऱ्यांसाठी स्वतंत्र गाड्या आहेत, आम्हाला मात्र हीच एक आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि बोरिवली गाडी पाच-दहा मिनिटांत असेल तर तीच धरावी, असे मी नव्या माणसाला सांगेन. पण ही विनंती आहे, कोणाचा हक्क नव्हे. ज्या डब्यातून जाण्याचे तिकीट तुमच्याकडे आहे त्यात शिरण्यापासून दुसऱ्या प्रवाशाने तुम्हाला रोखणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १५५ नुसार गुन्हा आहे. दारात अडवणारे गट स्वतःला कितीही जुने आणि अनुभवी समजत असले तरी त्यांचे ते वागणे असभ्यच आहे. फक्त त्याचा निवाडा धावत्या गाडीच्या दारात करायला जाऊ नये.

महिलांचे डबे डब्यावरच्या चित्राने आणि फलाटावरच्या खुणांनी ओळखता येतात. त्यांतले काही दिवसरात्र महिलांसाठी राखीव असतात आणि काही ठरावीक वेळांतच. ते डब्यावर लिहिलेले असते. आईबरोबर १२ वर्षांखालील मुलगा तिथे बसू शकतो. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर स्त्रिया आणि कर्करोगाचे रुग्ण यांनाही प्रवास करता येतो. तिथे बसलेला एखादा माणूस वरवर धडधाकट दिसला तरी त्याच्याकडे खुलासा मागण्याचे काम तिकीट तपासनिसाचे आहे, आपले नाही.

पाचवी पायरी: दारातून आत

दार त्यांचे, ज्यांना पुढच्या एक-दोन स्थानकांत उतरायचे आहे. डोंबिवलीला जाणाऱ्याने दादरला चढून दारातच उभे राहणे म्हणजे मधल्या प्रत्येक स्थानकावर शंभर जणांची वाट अडवणे. आत सरकायला जागा नाही असे दारातून नेहमीच वाटते, पण दोन बाकांच्या मधल्या जागेत बहुतेक वेळा एका माणसापुरती जागा असते, आणि ‘दादा, जरा आत जाऊ द्या’ म्हटले की ती मिळते. वाऱ्यासाठी दारात लटकणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींना ओलांडत असताना दारातले प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही दगावले. ते सगळे हौसेने लटकत होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. आत पाऊल टाकायला जागा नसते तेव्हा माणूस दारातच राहतो. म्हणूनच आत उभ्या असलेल्याने आणखी थोडे आत सरकणे हे दारातल्या अनोळखी माणसाच्या जिवासाठी केलेले काम आहे, आणि या लेखातल्या सर्व सूचनांपैकी एकच पाळायची झाली तर ही पाळावी, असे मला मनापासून वाटते.

दारातून थुंकू नये आणि बाटलीतले उरलेले पाणीही फेकू नये. गाडीच्या वेगाने ते मागच्या दारांतल्या आणि खिडक्यांतल्या लोकांच्या तोंडावर जाते.

सहावी पायरी: बॅग आणि बसण्याची जागा

आत स्थिर झाल्यावर बॅग रॅकवर द्यावी. आपला हात पोहोचत नसेल तर जवळच्या माणसाला ‘एवढी बॅग वर देता का?’ असे म्हणावे. ती हातोहात रॅकपर्यंत जाते आणि ठेवणारा वळून जागा दाखवतो, ती नीट पाहून ठेवावी. कोणी बॅग आपल्याकडे पुढे केली तर ती घेऊन पुढे देणे हे गृहीतच असते, त्याला नकार देत नाहीत. उतरण्यापूर्वी एक-दोन स्थानके आधी ‘ती निळी बॅग देता का?’ असे सांगावे. ऐन स्थानकात गाडी शिरताना बॅग मागितली तर ती डोक्यांवरून घाईने येते आणि कोणाला तरी लागते.

बसण्याच्या जागेचा रिवाज थोडा तपशिलाने सांगायला हवा, कारण नवखा माणूस सर्वांत जास्त इथेच गोंधळतो. लोकलचा बाक तिघांचा असतो, पण द्वितीय वर्गात त्यावर चौथा माणूस कडेला टेकून बसतो. ही ‘चौथी सीट’ मागताना ‘जरा सरकता का?’ एवढे विचारतात आणि बसलेले तिघे थोडे आत सरकतात. चौथ्याने अर्ध्याच जागेवर बसायचे असते. हळूहळू मागे रेटत पूर्ण जागा मिळवणे वाईट दिसते. तिघांतला एखादा फार थकलेला, आजारी किंवा मांडीवर मूल घेतलेला असेल तर चौथी जागा मागू नये.

उभ्या माणसाला पूर्ण जागा मिळते ती ‘कुठे उतरणार?’ या प्रश्नाने. महिलांच्या डब्यात ही पद्धत फार काटेकोरपणे पाळली जाते. बसलेल्या बाईला ती कुठे उतरणार हे विचारायचे. तिने ‘घाटकोपर’ म्हटले आणि ती जागा आधी कोणी मागितलेली नसेल, तर घाटकोपरनंतर ती तुमची. आधीच कोणाला शब्द दिला असेल तर ती तसे सांगते आणि मान वळवून त्या व्यक्तीकडे दाखवते. मग त्या व्यक्तीला तिचे स्थानक विचारून तिच्यानंतरचा क्रमांक लावता येतो. अशा रीतीने एका बाकाचे पुढच्या तासाभराचे वाटप कागद-पेन्सिलीशिवाय ठरते आणि अनोळखी बायका ते पाळतात. या व्यवस्थेचा सगळा भार दिलेल्या शब्दावर असल्यामुळे शब्द मोडणे हा इथला सर्वांत मोठा अपराध आहे. तुम्ही एकीला जागा कबूल केली आणि नंतर तुमची मैत्रीण डब्यात चढली, तरी जागा पहिलीचीच राहते. मैत्रिणीसाठी फार तर स्वतःचा क्रमांक सोडता येईल.

बाकावरचा खिडकीजवळचा माणूस उठला की बहुधा बाकीचे आत सरकतात आणि नव्याने बसणाऱ्याला कडेची जागा मिळते. त्याबद्दल कुरकुर करू नये.

म्हातारे माणूस, गरोदर स्त्री किंवा कडेवर मूल असलेली आई समोर उभी असेल तर क्रमांक बाजूला ठेवून जागा द्यावी, हे सांगण्याची गरज पडू नये. पण त्यातही एक बारकावा आहे. तुम्ही पुढच्या स्थानकावर उतरणार आहात आणि तुमची जागा दुसऱ्या कोणाला कबूल केलेली आहे, अशा वेळी ती परस्पर आजींना देऊन टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या हक्कावर औदार्य दाखवणे होते. ज्याला शब्द दिला त्याच्याकडे पाहून ‘आजींना बसू द्यायचं का?’ असे विचारावे. नाही म्हणणारा माणूस क्वचितच भेटतो, आणि मान मात्र त्याचाही राखला जातो. याउलट स्वतःच्या हक्काच्या जागेवरून उठायचे असेल तर कोणालाच विचारू नये, चटकन उठावे.

कर्जत, कसारा, विरार अशा लांबच्या गाड्यांमध्ये रोजच्या सोबत्यांचे गट असतात. त्यांतले काही निम्म्या वाटेवर उठून उभ्या असलेल्या सोबत्याला बसू देतात. हा रिवाज मला फार आवडतो आणि ओळख नसलेल्यांमध्येही तो रुजावा असे वाटते. पण काही गट रुमाल किंवा डबा ठेवून न आलेल्या सोबत्यांसाठी जागा अडवतात, ते योग्य नाही. नवख्याने ‘इथे कोणी बसलंय का?’ असे शांतपणे विचारावे, उत्तर पटले नाही तरी पहिल्या महिन्यात वाद घालू नये. भजनी मंडळे टाळ घेऊन गातात तेव्हा अनेकांना त्यात आनंद वाटतो. पण रात्रपाळी करून आलेल्या माणसाने किंवा फोनवर निकडीचे बोलणाऱ्याने ‘माऊली, दोन मिनिटं’ म्हटले तर टाळ थांबवावेत, हेही तितकेच खरे.

सातवी पायरी: उभे राहून प्रवास करताना

गर्दीत स्पर्श टळत नाही, हे सर्वांना कळते. म्हणूनच स्पर्श नकळत झालेला आहे हे दिसणे महत्त्वाचे असते. पुरुषांनी दोन्ही हात वर, हँडलला धरून ठेवावेत, म्हणजे आपले हात कुठे आहेत ते सर्वांना दिसते. कोणी ‘नीट उभे राहा’ म्हटले तर खुलासा न करता आधी सरकावे आणि मग ‘सॉरी’ म्हणावे. कोणाला पाय लागला तर त्याला हलकेच हात लावून तो हात आपल्या छातीला किंवा कपाळाला लावण्याची आपल्याकडची जुनी रीत लोकलमध्ये आजही रोज दिसते. भाषा कोणतीही असो, ती सर्वांना समजते आणि बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

मात्र सौजन्य म्हणजे सहन करणे नव्हे. कोणी मुद्दाम अंगाशी येत असेल तर भिडेखातर गप्प राहू नये. मोठ्याने ‘हात काढा’ म्हणावे, आजूबाजूच्यांना सांगावे. लोहमार्ग पोलिसांचा १५१२ आणि रेल्वेचा १३९ हे क्रमांक मोबाइलमध्ये साठवून ठेवावेत. आणि दुसऱ्या कोणी असा आवाज उठवला तर खिडकीबाहेर पाहत न राहता तिच्या बाजूने उभे राहावे. तिथे तटस्थ राहणे हे सभ्यपणाचे लक्षण नाही.

मोबाइलवरचे व्हिडिओ आणि गाणी स्पीकरवर लावू नयेत. पहाटे साडेचारच्या गाडीत भाजीवाले, हॉस्पिटलातले कर्मचारी, पाळीचे कामगार बसल्या जागी झोपलेले असतात. शेजारच्याचे डोके खांद्यावर आले तर झटकून टाकण्याऐवजी हलकेच सरळ करावे. झोपणाऱ्याने ‘मला ठाण्याला उठवा’ असे सांगून ठेवण्याचीही पद्धत आहे, आणि हो म्हटले तर उठवायलाच हवे. तुम्हाला आधी उतरायचे असेल तर ती जबाबदारी शेजाऱ्याकडे सोपवून उतरावे.

संध्याकाळी महिलांच्या डब्यात कोणी मटार सोलते, कोणी मेथी निवडते. घरी जाऊन लगेच चूल पेटवायची असलेल्या बाईचा तो वेळ आहे, त्याला हसू नये. सोलणारीने मात्र टरफले खाली न टाकता पिशवीत भरावीत.

आठवी पायरी: उतरणे

उतरण्याची तयारी निदान दोन स्थानके आधी सुरू करावी, आणि जलद गाडीत त्याहूनही आधी, कारण तिथे दोन थांब्यांमध्ये अंतर जास्त असले तरी दारापर्यंतची वाटही तितकीच भरलेली असते. समोरच्या माणसाला विचारावे: ‘दादर?’ तो हो म्हणाला तर त्याच्या मागे उभे राहावे, तोच तुम्हाला बाहेर नेईल. तो नाही म्हणाला तर ‘मग मला पुढे जाऊ द्या’ म्हणून जागा बदलून घ्यावी आणि पुढच्याला हाच प्रश्न विचारावा. फलाट कोणत्या बाजूला येणार हेही विचारून ठेवावे. ते स्थानकागणिक बदलते आणि चुकीच्या दाराशी पोहोचलेला माणूस शेवटच्या क्षणी संपूर्ण डबा कापत निघतो. आपण दाराशी आहोत पण उतरायचे नाही, आणि अंधेरी, ठाणे, घाटकोपर असे मोठे स्थानक आले, तर कडेला अंग चोरून उभे राहावे किंवा सरळ फलाटावर उतरून, उतरणारे गेले की पुन्हा चढावे. तुमची जागा लोक तुम्हाला परत देतात.

इतके करूनही स्थानक चुकले तर ओरडू नये, साखळी तर मुळीच ओढू नये. पुढच्या स्थानकावर उतरून मागे यावे. पुरेशा कारणाशिवाय साखळी ओढणे हा कलम १४१ खाली गुन्हा आहे, आणि एक गाडी थांबली की तिच्यामागच्या सगळ्या गाड्या रखडतात. उतरल्यावर दारासमोर न थांबता चार पावले पुढे जावे. तिकीट तपासनिसाने मागितले तर तिकीट किंवा पास शांतपणे दाखवावा. तिकीट नसेल तर सबबी न सांगता दंड भरून पावती घ्यावी.

वातानुकूलित गाडी

पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ पासून वातानुकूलित लोकल धावू लागली. तिचे भाडे वेगळे असते. तिची दारे आपोआप बंद होतात आणि सगळी दारे लागल्याशिवाय गाडी निघत नाही, म्हणून मित्रासाठी पाय अडकवून दार उघडे ठेवणे म्हणजे बाराही डब्यांना खोळंबून ठेवणे. बंद डब्यात वास कोंडतो, तेव्हा वडापाव, सुकी मासळी आणि उग्र अत्तर या तिन्हींविषयी जपावे.

गाडी मध्येच थांबली तर

पावसाळ्यात हे होतेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि रुळांवरून व रस्त्यांवरून चालत निघालेल्या लोकांना वाटेतल्या वस्त्यांनी चहा, बिस्किटे, पाणी दिले. तेवढा प्रसंग रोज येत नाही, पण तास-दोन तास गाडी उभी राहणे नेहमीचे आहे. अशा वेळी घाबरून रुळांवर उडी मारू नये. शेजारच्या रुळावरून गाडी येऊ शकते आणि एकाने उडी मारली की दहा जण मारतात. पंखे बंद असतील तर खिडकीजवळच्याने काही वेळ जागा बदलून आतल्या माणसाला वारा घेऊ द्यावा. पाण्याची बाटली असेल तर आधी लहान मुले आणि म्हातारी माणसे यांना विचारावे. ज्याच्या मोबाइलला चार्ज आहे त्याने शेजाऱ्याला घरी एक फोन करू द्यावा. कानावर आलेली ऐकीव बातमी मोठ्याने सांगू नये. ‘पुढे पूल पडला म्हणे’ अशा एका वाक्याने डबाभर घबराट होते.

तुम्हाला कोणी विचारले तर

महिन्याभरात फलाटावर कोणीतरी तुम्हालाच विचारेल की ही गाडी कुठे थांबते. उत्तर पुरते द्यावे: धिमी की जलद, किती नंबरचा फलाट, आणि त्याचे स्थानक कोणत्या बाजूला येईल. नक्की माहीत नसेल तर तसे स्पष्ट सांगून शेजारच्याला विचारावे. नाही म्हणायला संकोच वाटतो म्हणून अंदाजाने ‘हो, थांबते’ म्हणू नये. तेवढ्या एका शब्दावर विसंबून कांजूरमार्गला उतरणारा माणूस जलद गाडीत चढतो आणि थेट ठाण्याला पोहोचतो.